राधाबायच्या फ्रीजमधलं औषध

ललिता कासारे आमच्या नायगावच्या बीडीडी चाळीत ब्लाउज शिवते. वय छत्तीस, उंची बेताची, बोलणं त्याहून बेताचं. तिला गोशे नावाचा आजार आहे. जन्मापासून अंगात एक एन्झाइम कमी, त्यामुळे पोटातली प्लीहा फुगते, हाडं ठणकतात. लग्न झालेलं नसताना तिचं पोट वाढलं तेव्हा चाळीतल्या बायकांनी बोटांवर महिने मोजले. त्या बायकांची नावं मला अजून पाठ आहेत. ललिता त्यांचेच ब्लाउज शिवते, आणि फिटिंगला एक टाका इकडचा तिकडे होत नाही.

एक गुरुवार सोडून एक गुरुवार ती हॉस्पिटलात जाते. सलाईनमधून ते एन्झाइम घेते आणि शुक्रवारी पुन्हा शिलाई मशीनवर बसते. औषध तिच्या नावाने येतं, दोन खेपांचं एकदम. ते सुरू व्हावं म्हणून मी तीन वर्षं साहेबलोकांची टेबलं बडवली. माझ्यासारखी सातवी नापास बाई औषधाचं नाव न अडखळता सांगते, हे बघून एकाने तर हातातलं पेनच खाली ठेवलं.

औषधाच्या कुप्या हॉस्पिटल ठेवून घेत नाही, घरीच थंड ठेवाव्या लागतात. ललिताच्या खोलीत एक तर मशीन मावतं, नाही तर फ्रीज. म्हणून कुप्या समोरच्या राधाबायकडे. राधाबाय सत्तरीची, चाळीस वर्षं मासळी विकलेली.

एप्रिलमध्ये शेजारची चाळ पाडताना विजेची केबल तुटली आणि लाइट गेली. ललिता अस्तराचं कापड आणायला दादरला गेली होती, मी मोर्चात. संध्याकाळी दोघी आलो तर राधाबाय दारातच उभी. समोर मोठा टोप, त्यात बाजारातून आणलेला बर्फ, बर्फावर मूठ मूठ खडे मीठ, मध्ये कुप्या.

"पापलेटाक पण एवढा जपलंय नाय," ती म्हणाली. "हात लावून बघ, बोट चिकटतंय!"

मी तोंड उघडलं. ललिताने माझा दंड असा चिमटला की आवाज आतच राहिला.

तिने डॉक्टरांना फोन लावला. गोठलेलं औषध ते चढवणार नव्हते. नवीन यायला महिना लागणार होता, म्हणजे दोन्ही खेपा गेल्या.

फोन ठेवून ललिता राधाबायसमोर बसली. "हे आता चालणार नाय, राधाबाय. मी तुला थंड ठेव म्हणाले, गोठवू नको म्हणाले नाय. माझं चुकलं."

राधाबाय भिंतीला टेकली.

त्या महिन्यात ललिताला मशीनचं पायडल मारवेना. रोज दुपारी राधाबाय यायची, तिच्या मांड्या शेकायची, तिला धरून मोरीपर्यंत न्यायची.

नवीन कुप्या आल्या तेव्हा मी सांगून टाकलं, "काळाचौकीच्या मेडिकलवाल्याशी बोललेय. त्याच्याकडे जनरेटर आहे. तिथेच ठेवायच्या."

"तुझं भाषण झालं?" म्हणत ललिता कुप्यांचा डबा घेऊन समोर गेली.

राधाबायने हात मागे घेतले. "नको गो. परत माझ्या हातून काय झाला तर?"

"महिनाभर मला उठवलंस, बसवलंस. तेव्हा हाच हात होता ना?"

"आणि लाइट गेली तर?"

"फ्रीज उघडायचा नाय. मला फोन करायचा."

"तू नाय उचललास तर?"

"ही वैशाली आहे ना, तिला कर. ती ओरडेल, पण येईल."

मी काहीतरी सुनावणार होते. पण राधाबाय फ्रीजसमोर वाकली होती. तिने बोंबलांचं पातेलं खालच्या कप्प्यात सरकवलं, मधला कप्पा पदराने पुसला, पुन्हा एकदा पुसला, आणि मग दोन्ही हात पुढे केले.