बंद घड्याळ

आमच्या सूनबाईच्या डाव्या मनगटावरचं घड्याळ ती लग्न होऊन आली तेव्हाही बंदच होतं. "अगं, सेल तरी घाल त्यात," मी सांगून सांगून थकले. ती "हो आई" म्हणायची आणि या कानाने ऐकून त्या कानाने सोडून द्यायची. दवाखान्याची अँब्युलन्स चालवते, वेळेला पक्की. मग बंद घड्याळ मिरवायचं कशाला? मला काही कळेना, आणि कळलं नाही की मला चैन पडत नाही.

घरच्या गाडीत तिच्या शेजारी बसून "डावीकडे घे" म्हटलं की गाडी निघाली उजवीकडे! नाहीतर वळण्याआधी तिचं बोट हळूच त्या घड्याळाला लागायचं. शेवटी मीच भाषा बदलली. वळायचं असलं की "माझ्या बाजूला" किंवा "तुझ्या बाजूला" म्हणायला लागले. त्यात ती कधीच चुकली नाही. मागच्या सीटवरून माझे चिरंजीव विचारायचे, "आणि माझी बाजू कुठली?"

"तुझी गप्प बसायची."

मग दवाखान्याने कंत्राटी ड्रायव्हरांना कायम करायचं काढलं. आधी लेखी परीक्षा, मग गाडीची. नापास झाला त्याचं काम गेलं. सूनबाई म्हणाली, "मी दुसरं काम बघते. आई, वाचायला घेतलं की अक्षरं जुळतच नाहीत माझी. शाळेत ढ म्हणायचे मला. बाई म्हणायच्या, आळशी आहे."

आळशी? ही? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घर उठायच्या आत हिचं अर्धं काम उरकलेलं असतं!

माझ्या गुडघ्यांना व्यायाम देणाऱ्या मुलीपाशी मी सगळं ओकले. माझ्या पोटात काही राहत नाही, हे एरवी वाईट, पण त्या दिवशी कामाला आलं. ती म्हणाली, "आजी, ही शिकण्यातली अक्षमता असू शकते. मोठ्या माणसांतही असते, फक्त कुणी तपासलेलं नसतं."

घरी सांगितलं तर सूनबाई भडकली. "आता माझ्या वेडेपणाचा दाखला आणायचा का?"

"वेडी असतीस तर माझ्यासारख्या सासूला इतकी वर्षं गुंडाळून ठेवलं असतंस का? ऊठ, चप्पल घाल."

तपासणाऱ्या बाईंनी तिच्याकडून वाचून घेतलं, लिहून घेतलं, कोडी घातली. मग मला आत बोलावून म्हणाल्या, "बुद्धी तल्लख आहे. पण अक्षरांवरून शब्द लावताना हिला इतरांपेक्षा फार श्रम पडतात. डाव्या-उजव्याचा गोंधळही अशा बऱ्याच जणांना होतो. हे लहानपणीच लक्षात यायला हवं होतं."

बाहेर बाकावर बसून सूनबाई ढसाढसा रडली. "म्हणजे मी आळशी नव्हते, आई?" माझेही डोळे वाहायला लागले. मनगटाकडे बघत म्हणाली, "हे वेळ बघायला नाहीच. हा हात डावा, एवढंच लक्षात राहावं म्हणून."

बाईंच्या शिफारशीवरून लेखी परीक्षेत प्रश्न वाचून दाखवायला माणूस मिळाला, वेळही जास्त मिळाला. त्यात ती झक्क पास झाली! राहिली गाडीची परीक्षा. "तिथे मात्र बोलायचं नाही," ती म्हणाली. "ड्रायव्हरला डावं-उजवं कळत नाही म्हटल्यावर कोण ठेवील?" हे मलाही पटलं. म्हटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची.

परीक्षेला मी फाटकापाशी, तिच्या खिडकीलगत उभी होते. परीक्षा घेणारे साहेब तिच्या शेजारी बसले. तिचं बोट घड्याळावर गेलं आणि तिथेच थांबलं. मग ती साहेबांकडे वळून स्वच्छ आवाजात म्हणाली, "साहेब, डावं-उजवं म्हटलं की माझा गोंधळ होतो. माझी बाजू, तुमची बाजू म्हणा."

मेली! मूठच उघडली हिने.

साहेबांनी भुवया चढवल्या. "आणि मागे पेशंट असेल तेव्हा?"

"तेव्हाही हेच सांगायचं. रस्ता चुकत नाही साहेब, शब्द चुकतो. आता तुम्हीच बघा."

तिने घड्याळ मनगटावरून काढलं आणि खिडकीतून माझ्या हातात दिलं. "आई, तेवढा सेल घालून आणा."

साहेबांनी पट्टा लावला. मग म्हणाले, "चला. फाटकातून बाहेर, माझ्या बाजूला." गाडी बरोब्बर त्यांच्या बाजूला वळली.

मी कोपऱ्यावरच्या दुकानातून सेल घालून आणला आणि परत फाटकाला चिकटले. गाडी आली. उतरताना साहेब म्हणाले, "पास. आता तुमच्या गाडीतल्या नर्सलाही ही भाषा शिकवा."

सूनबाई हात पुढे करून माझ्यासमोर उभी राहिली. मी तिच्या मनगटावर घड्याळ बांधलं. तिने त्यात वेळ बघितली. "चला आई, ड्यूटीला उशीर होईल."