शेवंतीच्या नंदीपुढचा नारळ

दोन हजार चोवीस साल, पौष महिना. बिदरात अंगावर घोंगडी असली तरी दात वाजत होते. त्या थंडीत माझ्या हातून काय झालं ते बायकोनं आमच्या अख्ख्या नौबाद वस्तीला सांगून टाकलं आहे. म्हणून आता मीच सांगतो. निदान तिखटमीठ तरी कमी पडेल.

फुलांचं प्रदर्शन भरलं होतं. मला जायचं नव्हतं. फुलं बघायला तिकीट काढायचं? आमच्या बांधावर ती फुकट उगवतात. पण बायको म्हणाली, "घरी बसून तरी काय करायलाव?" निघालो.

आत शिरलो तर समोर शेवंतीचा नंदी. हत्तीएवढा! शिंगं, वशिंड, गळ्यात झेंडूची माळ. पुढ्यात मेजावर केळी, पपया, लिंबं आणि एक सोललेला, शेंडी राखलेला, हळदकुंकू लावलेला नारळ. आता तुम्हीच सांगा, माणसानं काय समजायचं?

मेजाला कागद चिकटवला होता. माझा चष्मा घरी राहिला होता. खरं म्हणाल तर अक्षरं मला चष्म्यानंही फारशी दिसत नाहीत.

मी चपला काढल्या आणि नारळ उचलला.

"अवं, कुणाला तरी इचारा की."

"देवापुढं नारळ फोडायला कुणाची परवानगी लागती?"

वाफ्याच्या कडेच्या दगडावर एक घाव, दोन भकलं. पाणी नंदीच्या पायावर शिंपडलं. मागे वळून बघतो तर माणसं चपला काढून उभी! एकीनं नंदीला हात लावून डोळ्यांना लावला. प्रसादासाठी तळवे पुढे आले. मी खिशातल्या चाकूनं खोबऱ्याचे तुकडे केले, रांग मोडणाऱ्यांना दरडावलं. मला शिस्त लागते. छातीवर बिल्ला लावलेल्या एका जाड साहेबांनाही तुकडा दिला. त्यांनी ओंजळीत घेतला, खाल्ला, गोड आहे म्हणाले. मग मेजाशी गेले आणि विचारू लागले, इथला नारळ कुठं गेला?

साहेब परीक्षक होते. मेजावरची फळं स्पर्धेची होती.

नारळ होता कमलनगरकडच्या एका बाईचा. ती धावत आली. तिच्या झाडाचं हे पहिलं फळ. गाणगापूरच्या दत्ताला बोललेलं, म्हणून हळदकुंकू. आधी बिदरात दाखवायचं, मग देवाला न्यायचं, असा तिचा बेत. माझ्या हातातल्या करवंटीकडे ती बघत राहिली. शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

"अप्पा, माझा नवस कुणापुढं फोडलाव?"

"नंदीपुढं."

"त्यो तारंवर हुबा हाय. आतून पोकळ हाय."

साहेबांनी घसा साफ केला. फळच नाही तर बक्षीस कशाला द्यायचं, म्हणाले, पण चव लक्षात राहील. बाईनं त्यांच्याकडेही तसंच बघितलं. ते निघून गेले.

बाजारातून दुसरा आणून देतो, असं मी म्हणालो. देवाला बाजारातला बोललेला नाही, असं ती म्हणाली.

"झाडावर दुसरं फळ हाय. तयार झालं की सांगावा धाडते. तुमीच जायचं गाणगापूरला. चपला तर लई भक्तीनं काढलाव."

मी तोंड उघडायच्या आत बायको म्हणाली, "जातेत की, अक्का. म्या हाय संगं."

उन्हाळ्यात सांगावा आला. कमलनगरहून नारळ आणला आणि तो मांडीवर घेऊन बसमध्ये बसलो. वाटभर कुठं झेंडूचं झुडूप दिसलं की बायको बोट करून मला दाखवायची.

देवळात नारळ उचलला आणि हात थांबला. जन्मात कधी देवळात परवानगी मागितली नव्हती. पुजाऱ्याला हळूच विचारलं, "हितं फोडला तर चालतंय न्हवं? कुणाचं काय म्हणणं न्हाई?"

पुजारी माझ्याकडे बघतच राहिला. बायकोनं पदर तोंडाला लावला.

नारळ फोडला. तिथून थेट कमलनगर गाठलं आणि एक भकल अक्कांच्या हातावर ठेवलं. त्यांनी तुकडा मोडून तोंडात टाकला आणि मान हलवली.