लाईट गेली नव्हती

आमच्या कॅम्प-१ वस्तीतला माझ्या ओळखीचा स्कूटर मेकॅनिक सांगतो, की त्या दुपारी लाईट गेल्यामुळे सिनेमा अर्धवट राहिला. हे साफ असत्य आहे. खोटे बोलण्यापूर्वी हा गृहस्थ तेलकट फडक्याला हात पुसतो, आणि त्यामुळे ते अधिकच काळे होतात.

त्याच्या दुकानातल्या टीव्हीवर आम्ही निवृत्त मंडळी ऑस्ट्रेलियातला भयपट पाहत होतो. त्यात हत्तीएवढे रानडुक्कर माणसे खाते. "असे डुक्कर मी गावाले गोट्यानं हाकलले," असे मी मागच्या बाकावरून बजावले. तेवढ्यात त्या जनावराने पडदाभर जबडा उघडला, आणि लगेच टीव्ही बंद झाला. "लाईट गेली, काकाजी," मेकॅनिक हात पुसत म्हणाला. सर्वांनी ते मानले.

मी मानणारा नव्हे. काल सर्वांसमक्ष त्याचे म्हणणे खोडून काढले.

"कावून भांडून राहिले, काकाजी? गेलीच होती ना."

"मग पंखा कसा चालू होता?"

"पंख्याकडं कोणं पायलं होतं?" एकाने विचारले.

"पाहाले कायले लागते? बाकावर उभा होतो मी! टोपी उडाली त्या पंख्यानं," मी विजयाने म्हणालो.

मेकॅनिकने फडके हाती घेतले, माझ्याकडे पाहिले आणि ते परत ठेवून दिले.