भाकरीचा पहिला तुकडा

नाशिकच्या आमच्या कचेरीतले हेडक्लार्क कधी कोणापुढे वाकले नाहीत. वाकले की जेवण घशाशी यायचं; जठराचा वरचा भाग छातीत सरकला होता. दुर्बिणीच्या ऑपरेशनला जाताना कपाटाच्या किल्ल्या देत मला म्हणाले, "परत आलो नाही, तर जावक रजिस्टर तुमच्याकडे."

ते परत आले. दीड महिना पेज आणि मऊ भातावर काढल्यावर डब्यात बाजरीची भाकरी आली. पहिलाच तुकडा अडकेल या भीतीनं ते चावतच राहिले.

"भाऊसाहेब, गिळा आता, रिटायरमेंट जवळ आली," शिपाई म्हणाला.

त्यांनी डोळे मिटून गिळलं आणि छातीवर हात ठेवला. आम्ही सगळे श्वास रोखून थांबलो. घास उतरला.

जेवणाची सुट्टी संपून वीस मिनिटं झाली होती आणि खिडकीपुढे दाखल्यांसाठी रांग उभी होती.