दुपारचा पहारा

गेल्या महिन्यात म्हापशाच्या एका कॉलेजात मला बोलायला बोलावलं होतं. विषय फळ्यावर खडूने लिहिला होता : तरुण मुलं समाजकार्याला पुढे का येत नाहीत? मला बोलावण्याचं कारण म्हणजे माझं एक प्रमाणपत्र. ‘उत्कृष्ट स्वयंसेवक’, खाली दोन सह्या आणि एक गोल शिक्का. मी अर्धा तास बोललो. म्हटलं, मुलांना कोणी विचारत नाही, नुसतं गृहीत धरतात. म्हटलं, मोठी माणसं काम देतात, मान देत नाहीत. म्हटलं, नोकरीच्या काळजीने ज्याची झोप उडालीय त्याला फुकट राबायला सांगणं सोपं असतं. टाळ्या पडल्या. त्यात खोटं काहीच नव्हतं, आणि तरी परत येताना स्कूटरवर मी स्वतःलाच शिव्या घालत होतो. कारण ते प्रमाणपत्र मला ज्या दुपारी मिळालं, ती दुपार मी त्या पोरांना सांगितली नाही. अजून कुणालाच सांगितलेली नाही.

आमचा गाव डिचोली तालुक्यात, आमोण्याच्या अंगाला. कार्तिकात आमच्या देवळात भजनी सप्ताह असतो. सात दिवस भजन चालू राहतं, खंड पडायचा नाही. दिवसाचे तीन-तीन तासांचे पहारे पाडलेले असतात आणि ते वाड्यांना वाटून दिलेले असतात. संध्याकाळच्या पहाऱ्याची मजाच वेगळी. पेटी, पखवाज, मुंबईहून आलेले जावई, फुगड्या, खाज्या-लाडवांची दुकानं. दुपारी एक ते चार मात्र देवळाकडे कुत्रं फिरकत नाही. घरोघर जेवणं झालेली, डोळे जड. तेव्हा समईजवळ एकटा माणूस टाळ वाजवत देवाचं नाव घेत बसला तरी चालतं. पण टाळ थांबता कामा नये, जमिनीला टेकता कामा नये. तो एका हातातून दुसऱ्या हातात जायचा, आणि तोही आपल्याच वाड्याच्या हातात. वेळ संपायच्या आत दुसऱ्या वाड्याच्या माणसाने धरला की पहारा मोडला. आमच्याकडे माणूस मेलेला विसरतात, पण कुठल्या वाड्याचा पहारा कधी मोडला ते विसरत नाहीत. लग्नाच्या पंगतीतसुद्धा टोमणा येतो.

आमच्या वाड्याचे दिवसाचे दोन पहारे. दहा ते एक म्हाताऱ्यांचा. एक ते चार हा कुणालाच नको असलेला. त्या वर्षी वाड्याच्या बैठकीत ठरत होतं की हा पहारा आता सोडून द्यावा, पोरं काही येत नाहीत. तेव्हा आबा उठले. आबा म्हणजे आमच्या शेजारच्या घरातले, दहाच्या पहाऱ्याला बसणारे, खाणीवर फिटर होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली. माझं त्यांच्याशी नातं काही नाही, पण सगळा वाडा त्यांना आबा म्हणतो. ते म्हणाले, “पोरांक नांवां दवरूं नाकात. एकदां तांच्यावर सोपवून पळयात. मी जामीन.” कुणीतरी हसलं. पण पहारा आम्हा चौघा पोरांच्या नावावर लागला. म्हणजे कॉलेजात मी जे म्हटलं ना, की मोठी माणसं मान देत नाहीत, ते आमच्या वाड्याला तरी लागू नव्हतं. मान दिला होता. चांगला चारचौघांत दिला होता.

आदल्या दिवशी आबा आमच्या घरी आले. पायरीवर बसले, पाणी प्याले. मला म्हणाले, “बाबा, फाल्यां एक वाजतां यो हां. म्हाका साखर, तुका खबर आसा. तासातासाक उठचें पडटा. माणसं आसलीं म्हणटकच मी उठून वतां. एकलो आसलों जाल्यार टाळ कोणाक दिवूं?” त्यांना मधुमेह होता हे वाड्यातलं शेंबडं पोरसुद्धा जाणून होतं. लग्नाला गेले तरी आधी मोरी कुठे आहे ते विचारून मग बसायचे.

मी म्हटलं, “आबा, एक म्हणजे एक. घड्याळ लावा.”

मग मी आमच्या ग्रुपवर लिहिलं : उद्या एक वाजता देवळात. तिघांचे तीन अंगठे आले. झालं, पहाऱ्याची व्यवस्था झाली.

आता खरी गोष्ट. पहाऱ्याच्या दिवशीच सकाळी हरमलला किनारा साफ करायचा कार्यक्रम होता, आणि तिथंही माझं नाव होतं. मी तेव्हा तेवीस वर्षांचा, पदवी घेऊन दोन वर्षं घरी. मुलाखतीला गेलं की साहेब विचारायचे, अभ्यासाशिवाय काय करता? मग कुणीतरी सांगितलं, अशी प्रमाणपत्रं जमव, कामाला येतात. आईचा याला विरोध. “लष्कराच्या भाकऱ्या भाज तू! दर्यावेळ झाडूंक वता, घरचें आंगण कोण झाडटलो?” मी तिला मागासलेली म्हणायचो.

आणि नुसतं प्रमाणपत्रच कशाला, मला तिथं जायला आवडायचंच. हरमलला निळा टी-शर्ट मिळायचा, टोपी मिळायची. तुटकी जाळी, चपला, बाटल्या गोणीत भरताना कुणीतरी व्हिडिओ काढायचं. गोऱ्या बायका थांबून थँक यू म्हणायच्या. देवळात काय? देवळात गेलो की पहिला शब्द, “अरे वा, आज सूर्य खंयच्यान उदेलो?” दुसरा शब्द, “टाळ असो धरतात?” तिसरा, “तुजो बापूय कसो गायतालो!” माझा गळा बेसूर, हे काय मला ठाऊक नव्हतं? चारदा असं ऐकलं की पाचव्यांदा पाय वळत नाही. ही सबब मी खूप वर्षं जपली. सबब म्हणून ती वाईट नाही.

सकाळी सातला सुरुवात झाली, दहाला किनारा साफ. मी हिशेब केला होता की अकराला निघायचं, म्हापशावरून साडेबारापर्यंत गाव. पण प्रमाणपत्रं द्यायला पाहुणे यायचे होते. अकरा वाजले, बारा वाजले, पाहुण्यांचा पत्ता नाही. आयोजक म्हणाले, उत्कृष्ट स्वयंसेवक म्हणून तुझं नाव काढलंय, तू जाऊ नकोस. बस्स, मी विरघळलो. एक वाजता पाहुणे आले. भाषण झालं. मग फोटो, मग किनाऱ्यावरच्या एका शॅकमध्ये जेवण.

दीड वाजता माझा फोन वाजला. देवळात वाती करायला एक बाई बसायची, तिचा नंबर. मी घेतला नाही. दोनला पुन्हा तीच. मग अडीचला. मी फोनचा आवाज बंद केला आणि तो ताटाशेजारी पालथा घातला. मी स्वतःला सांगितलं की तिथं तिघे आहेत. पण खोटं कशाला बोलू, तेवढाही विचार मी केला नव्हता. मनात आलं होतं ते एवढंच की म्हातारे बसलेत ना, बसतील. ताटात किंगफिश होता.

त्या तिघांची गोष्ट नंतर कळली. एकजण जेवून झोपला. एकजण शुक्रवारच्या बाजाराला म्हापशाला गेला. तिसऱ्याला वाटलं, ग्रुपवर लिहिलं ज्याने तो तर जाणारच. चौघांनी मिळून जबाबदारी घेतली आणि चौघांनी ती एकमेकांवर टाकून दिली.

मी देवळात पोचलो तेव्हा चार वाजून वीस मिनिटं झाली होती. अंगात निळा टी-शर्ट तसाच. चारच्या पहाऱ्याला खालच्या वाड्याची माणसं बसली होती, त्यांचा टाळ चालू होता. आबा खांबाला टेकून खाली बसले होते. मांडीवर उपरणं दोन्ही हातांनी घट्ट धरलेलं. त्यांच्या पुढ्यात वाती करणारी बाई ओणवी होऊन फरशी पुसत होती. मला बघून आबा घाईघाईने म्हणाले, “तांब्यो लवंडलो रे. म्हज्याच हाताचो धक्को लागलो.”

तांब्या त्यांच्या बाजूलाच होता. काठोकाठ भरलेला, वर फुलपात्र पालथं घातलेलं.

मला कळलं. त्या बाईला माहीतच होतं. खालच्या वाड्याची माणसं समईकडे बघत नाव घेत होती, एकानेही मान वळवली नाही. आणि मी काय केलं? मी म्हटलं, “आबा, म्हापशाला बाजार, ट्राफिक किती म्हणून सांगू!” तोंडातून ते इतकं सहज आलं की माझाच मला राग आला. आबा म्हणाले, “हय रे, आज शुक्रवार न्हय?” त्यांनी मला सबब पुरी करायलाही मदत केली. मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण मेलो नाही, उभाच होतो.

बाईने मला बाहेर गाठलं. ती फार बोलणारी नव्हती. एक वाजता बाकीची मंडळी उठली, आबांनीच त्यांना जेवायला पाठवलं : आमचीं पोरां येतलीं, तुमी वचात. दीडला त्यांनी बाईला फोन करायला सांगितला. दोनला पुन्हा. ती म्हणाली, मी धरते टाळ, तुम्ही जाऊन या. पण ती खालच्या वाड्याची. आबा म्हणाले, पोरांचो पयलो पहारो, मोडलो जाल्यार परत कोण दितलो तांकां? अडीचला शेवटचा फोन करायला लावला. मग ते डोळे मिटून नाव घेत राहिले. सव्वातीनच्या सुमाराला त्यांचा आवाज चिरकला, तेव्हा तिने मान खाली घातली आणि ती वर केलीच नाही. टाळ मात्र थांबला नव्हता.

“चार वाजतां तांणी टाळ हातांत दिलो,” ती म्हणाली, “मागीर उठूंक जायनात.”

म्हणजे आमचा पहारा मोडला नाही. बैठकीत नंतर तशी नोंद झाली, तरुणांनी पहारा सांभाळला म्हणून. मला दोन-तीन काकांनी पाठीवर थाप मारली. हरमलला प्रमाणपत्र घेतानाचा फोटो मी फेसबुकवर टाकला होता, तो पहाऱ्याच्या रात्रीच काढायला हवा होता. तोही नाही काढला. लोकांचे अभिनंदनाचे शब्द येत होते, ते मी वाचत होतो.

आठ दिवस मी आबांचं दार चुकवलं. मागच्या वाटेने ये-जा करायचो. नवव्या दिवशी मनाचा हिय्या केला. ठरवलं होतं, सगळं सांगायचं : फोन बघितला होता, पालथा घातला होता, ट्राफिकबिफिक काही नव्हतं. पाववाल्या पोदेराकडून गरम उंडे घेतले, रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून.

आबा सोप्यावर बसले होते. बारीक झालेले वाटले. सुनेला हाक मारून चहा ठेवायला सांगितला, ती आत गेल्याची खात्री केली, आणि मग मला जवळ बोलावलं. मी म्हटलं, “आबा, मला तुमच्याशी बोलायचंय.”

“पयलीं म्हजें आयक,” ते म्हणाले. आवाज इतका खाली की मला वाकावं लागलं. “तुका कळ्ळां, म्हाका खबर आसा. तुमी पोरांनी पयलेच खेपे पहारो घेतलो, आनी म्हज्यान देवळांत विटाळ जालो. भायल्यांक कळ्ळें जाल्यार वाड्याचें नांव वतलें. मी चुकलों. फुडल्या वर्साच्यान म्हजें नांव घालूं नाका. आनी माफ कर रे बाबा म्हाका.”

त्यांनी हात जोडले. माझ्यापुढे. पंचाहत्तरीच्या माणसाने.

तेव्हा बोलायला हवं होतं. वाक्य तोंडात तयार होतं, आठ दिवस घोकलेलं. एवढंच म्हणायचं होतं की आबा, चूक तुमची नाही, माझी. पण आतून कपबशांचा आवाज आला, सून येत होती, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. मी त्यांचे जोडलेले हात धरून खाली केले आणि म्हटलं, “असूं दे आबा. होतं असं कधीकधी.”

त्यांचा चेहरा उजळला. खरंच उजळला. मी त्यांना माफ केलं, चहा प्यालो आणि घरी आलो.