दाराआडचा व्यायाम

मला आणि माझ्या धाकट्या भावाला एकाच आठवड्यात ताप आला. मी सात वर्षांची, तो पाच. ताप उतरला तेव्हा माझा डावा पाय गेला होता आणि त्याचा उजवा. डॉक्टरांनी पोलिओ असल्याचं सांगितलं आणि म्हणाले, "दोघांनाही व्यायामाला आणा." ते 'दोघांनाही' मी स्वतः ऐकलंय. बाबांच्या मांडीवरच होते मी.

बाबा बंगळूरच्या एका कारखान्यात इंजिनिअर होते. पुण्याहून येऊन आम्हाला दोन वर्षं झाली होती. आठवड्यातून तीनदा आई भावाला कडेवर घेऊन बसने हॉस्पिटलात न्यायची आणि मला शेजारच्या अक्कांकडे ठेवायची. "दोघांना कडेवर कशी घेऊ?" म्हणायची, आणि ते खरंही होतं. पण भाऊ पायाला कॅलिपर, म्हणजे लोखंडी पट्ट्यांचा आधार, लावून चालायला लागला, तिच्या कडेवरून उतरला, तरी माझी पाळी आली नाही. अक्कांनी एकदा विचारलं तेव्हा आई म्हणाली, "त्याला उद्या नोकरी करायचीय. हिला बसून करता येतील अशी घरात पुष्कळ कामं आहेत." मी तिथेच शेंगा सोलत बसले होते.

संध्याकाळी भावाचा घरचा व्यायाम असायचा. बाहेरच्या खोलीत चटईवर निजवून आई त्याच्या घोट्याला वाळूची पिशवी बांधायची आणि आकडे मोजायची. प्रत्येक आकड्याला त्याने पाय उचलायचा. तो रडायचा, अंग चोरायचा. मी स्वयंपाकघरात दाराआड आडवी होऊन, घोट्याला नाचणीची पुरचुंडी बांधून, त्याच आकड्यांवर पाय उचलायला बघायचे. कित्येक महिने पाय हललाच नाही. मग एकदा टाच जमिनीवरून सुटली. कोणाला सांगितलं नाही. पुढे भिंत धरून, मग भिंत सोडून चालायला लागले, तर आई म्हणाली, "बघा, हिचं आपोआप सुधारलं." आणि पाणी भरायचं काम माझ्याकडे आलं.

एक गोष्ट मात्र मला जमेना. व्यायाम संपला की आई दोन्ही हातांनी भावाचा गुडघा दाबून सरळ करायची. त्या कामाला दुसऱ्याचे हात लागतात.

मी बारा वर्षांची असताना अक्का गावाला गेल्या, म्हणून आईला मला बरोबर न्यावं लागलं. व्यायाम घेणाऱ्या बाईंनी मला लंगडत आत येताना पाहिलं. टेबलावर बसवून माझी मांडी चाचपली.

"हिचा व्यायाम कोण घेतं?"

"कोणी नाही," मी म्हटलं. "माझा मीच करते."

त्यांनी गुडघा सरळ करायला बघितला तशी मी ओरडले. मग त्या आईकडे वळल्या आणि तिला समजावं म्हणून सावकाश कन्नडमध्ये म्हणाल्या, "मांडीत मुलापेक्षा हिला जास्त ताकद आहे. पण गुडघा आखडलाय. वेळेवर आणली असतीत तर सरळ राहिला असता. का नाही आणलंत?"

आई नुसती "सरी, सरी", म्हणजे बरं, बरं, म्हणत राहिली. परतताना बसमध्ये एवढंच म्हणाली, "बाबांना सांगू नकोस." त्यानंतरही तिने मला कधी नेलं नाही.

मी व्यायाम सोडला नाही. विसाव्या वर्षी एका कचेरीत टायपिस्ट म्हणून लागले. बसमधून उतरून कब्बन पार्कच्या कडेने चालत जायचं, मग दोन जिने. चढताना डावा हात गुडघ्याच्या वर टेकावा लागे, पण चढत होते.

त्याच सुमारास पुण्याचे पाहुणे आले होते. आम्हा दोघांना चालताना बघून त्यांनी कौतुक केलं. बाबा म्हणाले, "दोन्ही मुलांवर आम्ही सारखीच मेहनत घेतली."

"माझ्यावर नाही, बाबा," मी म्हटलं. "मला व्यायामाला एकदाही नेलं नाहीत."

पाहुणे कपात बघत राहिले. बाबांनी आईकडे पाहिलं. आई उठता उठता म्हणाली, "चालतेस ना आता? मग झालं तर."

पुढच्या आठवड्यात रजा काढून मी एकटीच हॉस्पिटलात गेले. त्या जुन्या बाई आता तिथे नव्हत्या. नव्या बाईंनी गुडघा तपासला आणि इतक्या वर्षांनी तो दाबून सरळ होणार नाही म्हणून सांगितलं. बाकीचा व्यायाम रोज करा म्हणाल्या, आणि घरी करायला कोणी मदतीला आहे का, असं विचारलं. "कोणी नाही," मी म्हटलं.