नुसतं बसायला

मी साताऱ्याची. हे आधीच सांगून टाकते, कारण लग्न होऊन इस्लामपूरजवळच्या खेड्यात आले तेव्हाही मी ते भेटेल त्याला आधी सांगून टाकत असे. वडील पलटणीतून पेन्शन घेऊन आलेले, साताऱ्यात त्यांचं किराणा मालाचं दुकान, घरात भिंतीवरचं घड्याळ, दोन खुर्च्या आणि रोजचा चहा. एवढ्या भांडवलावर मला फार तोरा होता. सासर उसाच्या रानांचं, खाऊनपिऊन सुखी, पण तिथं घड्याळ नव्हतं आणि एकुलत्या एका खुर्चीवर सासऱ्यांचं पागोटं बसत असे. नवरा पलटणीतला. अंगाची हळद निघायच्या आत तो लढाईवर गेला आणि मी सासूबाईंच्या ताब्यात राहिले.

त्या घरात आत्ती होत्या. माझ्या सासऱ्यांच्या त्या सख्ख्या आत्या, पण लहानथोर सगळे त्यांना आत्तीच म्हणत. राणीच्या छापाचे रुपये चालत होते त्या काळात त्यांचं लग्न झालं आणि त्याच काळात त्या विधवा होऊन माहेरी परत आल्या. तेव्हापासून त्या याच घरात. कपाळ मोकळं, हात मोकळे, अंगावर गडद रंगाचं जाडंभरडं लुगडं, आणि उन्हातान्हात वावरून पक्का झालेला रंग. बोलणं मोजकं. त्यांनी आवाज चढवलेला मी कधी ऐकला नव्हता.

वर्षातले दहा महिने आत्तींना गावात कुणी बोलवत नसे. बोलवणार कशाला? संक्रांतीचं हळदीकुंकू, डोहाळजेवण, बारसं, सगळी बोलावणी कुंकवाची. आमच्याच घरी हळदीकुंकू असलं की आत्ती मागं परसात तीळ पाखडत नाहीतर गूळ फोडत बसायच्या. पुढच्या सोप्यात बायका हसत असायच्या, आणि त्या उठून गेल्या की आत्ती सोपा झाडायला पुढं यायच्या. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. मलाही नाही.

पण चैत्र लागला की चित्र पालटायचं. पापडांचे दिवस आले की आत्तींसारखं मानाचं माणूस गावात दुसरं नाही. कुणाच्याही घरी पापड लाटायचे म्हटलं की आधी आत्तींना निरोप. उडदाचं पीठ किती कुटायचं, खार किती घालायचा, तेलाचा हात कधी लावायचा हे त्यांच्याशिवाय कुणी ठरवत नसे. प्रत्येक बाई आपापलं पोळपाट-लाटणं काखोटीला मारून जायची आणि माना खाली घालून दुपारभर लाटायची. पोरं कच्च्या पिठाच्या लाट्या तेलात बुडवून पळवायची. आत्ती त्या दिवसांत घरात सापडायच्या नाहीत.

चैत्राच्या तोंडावर एकदा आम्ही दोघी तांदूळ निवडत होतो आणि मी नेहमीसारखी साताऱ्याची टिमकी वाजवत होते. म्हटलं, "आमच्याकडं दुपारी बायका येतात. मास्तरांची बायको येते, शेजारची शिंपीण येते. चहा पितात, आपापल्या सासवांना नावं ठेवतात आणि जातात."

"काय काम असतंय?" आत्तींनी विचारलं.

"काम काही नसतं. सहज येतात. नुसतं बसायला."

आत्तींचा हात सुपातच थांबला. "बिनकामाच्या? आनि घरातली मानसं काय म्हनत न्हाईत?"

"काय म्हणायचंय त्यात?"

"आमच्या येळंला न्हवतं बाई असलं," त्या म्हणाल्या. "बायमानसानं उंबऱ्याभाईर पडायचं म्हंजे कुनीतरी जन्माय पायजे, लगीन कराय पायजे, न्हाईतर मराय पायजे. त्येबी गाडीला चारी अंगानं पडदं लावून."

मी हसले. त्या हसल्या नाहीत. पण पुढं चारदोन दिवसांनी, विहिरीवर धुणं धुताना, त्यांनी पुन्हा विचारलं की साताऱ्याच्या त्या बायका आल्यावर कुठं बसतात. मग चहा कशात देतात हे विचारलं. आणि मग, पिळलेलं लुगडं झटकत, माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "माज्याकडं यील का गं कुनी? पापडाबिगर?"

जन्मभर गावानं त्यांच्या हातांना बोलावलं होतं, आणि त्या म्हाताऱ्या बाईला एकदा बघायचं होतं की हात सोडून आपल्यासाठी कुणी येतं का. मी म्हटलं, "न यायला काय झालं? मी बोलावून येते."

सासूबाईंना हे मुळीच पटलं नाही. "लोक इचारत्याल, कशाला बलीवलंय? मी काय सांगू? आत्तींना बसावं वाटलं म्हनून?" सासरे जेवता जेवता म्हणाले, "बसंनात का. बसायला काय लागतंय?" तेवढ्यावर ते ठरलं.

कुंकवाचा करंडा न घेता बोलावणं करायला मी पहिल्यांदाच निघाले. हातात काही नाही, पदर डोक्यावर. पहिलं घर गुऱ्हाळवाल्यांच्या काकींचं. काकींचा आवाज गुऱ्हाळाच्या चरकावरून पलीकडच्या माणसाला ऐकू जावा असा घडलेला होता आणि घरातही त्या तो तेवढाच ठेवत. मी म्हटलं, "आत्तींनी उद्या दुपारी बसायला बोलावलंय."

"किती शेराचं हाय?"

"नाही हो काकी, पापड नाहीत. नुसतं बसायचंय."

"व्हय व्हय, कळलं," काकी म्हणाल्या आणि मला डोळा घातला. "थोडंच हाय म्हनून लाजतीस व्हय? येतो की आमी."

मी परत समजावलं. काकींनी परत मान डोलावली. पुढच्या प्रत्येक घरी हेच. एकीनं विचारलं उडदाचे का नाचणीचे, एकीनं सांगितलं माझं लाटणं मोडलंय, सासूचं घेऊन येते. शेवटी मी दमले आणि नुसती "या" म्हणत सुटले. परत येताना वेशीजवळ बांगडीवाली चाची भेटली, डोक्यावर हारा, त्यात बांगड्यांचे जुडगे. ती मुसलमान, गावोगाव फिरून बांगड्या भरायची आणि घराघरातली खबर ठेवायची. आत्ती बांगड्या भरत नाहीत म्हणून आमच्याकडं आली तरी आत्तींशी तिची उठबस नव्हती. मी तिलाही बोलावलं. ती म्हणाली, "येते की. पाय दुखत्यातच माजं."

दुसऱ्या दिवशी आत्तींनी सोपा दोनदा सारवून घेतला. घोंगड्या अंथरल्या, परत उचलल्या, परत अंथरल्या. मी गुळाचा चहा करायला पातेलं काढलं. घरात कपबश्या दोनच, त्याही नवऱ्यासाठी, कारण पलटणीत त्याला चहाची सवय लागली होती. बाकीच्यांना फुलपात्रं. आत्ती म्हणाल्या, "कुनी आलंच न्हाई तर च्या तू पी सगळा." हसून म्हणाल्या, पण खांबाला धरून उभ्या होत्या आणि नजर वाटेवरून हलत नव्हती.

आणि बायका आल्या! एकीमागून एक, सगळ्याजणी, आणि प्रत्येकीच्या काखेत पोळपाट-लाटणं. मी कपाळावर हात मारला. त्या घोंगड्यांवर गोल करून बसल्या, पोळपाट समोर मांडले, पदर खोचले आणि पिठाची वाट बघू लागल्या. चाची तेवढी हारा दाराशी ठेवून, पाय पसरून भिंतीला टेकून बसली.

"पीठ कुटं हाय?" काकींनी विचारलं.

"पीठ न्हाई," आत्ती म्हणाल्या.

बायका रिकाम्या पोळपाटांकडं बघत राहिल्या. हात कुठं ठेवावेत ते कुणाला कळेना. एकीनं उगाच लाटणं फिरवलं. दुसरीनं पदर सोडला, परत खोचला. आत्तींचा चेहरा उतरत चाललेला मला दिसत होता आणि मला साताऱ्याचा आणि तिथल्या सगळ्या बायकांचा राग आला.

तेवढ्यात माजघरातून सासूबाई आल्या. हातात परात, परातीत ओल्या फडक्याखाली झाकलेला उडदाच्या पिठाचा मोठा गोळा. असं होणार हे त्यांनी ओळखलं होतं आणि कुणाला न सांगता पहाटे उठून पीठ कुटून तयार ठेवलं होतं. बायकांचे जीव भांड्यात पडले. सगळ्या पुढं सरकल्या.

"झाकून ठिव," आत्ती म्हणाल्या.

"आवं आत्ती, लोक बसल्यात..."

"ठिव म्हनलं न्हवं. पापड उद्या लाट. आज बाया माज्याकडं आल्यात."

सासूबाई परात घेऊन आत गेल्या. (ते पापड त्यांनी आणि मी दुसऱ्या दिवशी लाटले, आणि दर पापडाला त्या माझ्या माहेराविषयी काहीतरी पुटपुटल्या.) मी घाईघाईनं चहा दिला. काकींनी फुलपात्रात वाकून बघितलं आणि चहानं माणूस काळं पडतं असं जाहीर केलं. बायका पुन्हा पोळपाटांकडं बघू लागल्या.

बोलली ती चाची. भिंतीला टेकल्या टेकल्या तिनं विचारलं, "आत्ती, तुमच्या लग्नात बांगड्या कुनी भरल्या?"

काकींनी तिच्याकडं असं बघितलं की दुसरी कुणी असती तर उठून गेली असती. विधवा बाईला बांगड्यांचं विचारायचं? पण आत्ती हसल्या.

"तुज्या आजेसासूनं," त्या म्हणाल्या. "हात लय ल्हान माजा. येक बांगडी बसंना. शेवटाला पोरीच्या खेळातल्या भरल्या." मग खाली बसल्या, गुडघ्याभोवती हात घेतले आणि सांगू लागल्या.

"नवी नवरी हुते. सासूसंगट पयल्यांदाच पावनी म्हनून गेले, पडद्याच्या गाडीतनं. सासूनं पढवून ठिवल्यालं, कुनी खायाला दिलं तर दोनदा न्हाई म्हनायचं, तिसऱ्यांदा घ्याचं. खानदानीची रीत हाय म्हनून. त्या घरच्या बाईनं ताट भरून करंज्या आनल्या. मी म्हनलं, नगं. तर त्या घरात येकदाच इचारायची रीत! बाईनं ताट उचाललं नि गेली की आत."

बायका खदखदून हसल्या. एकीच्या हातातला चहा सांडला.

"सकाळधरनं पोटात कायबी न्हाई. रडाय आल्यालं. परतीला गाडीत बसलो, सासू डुलक्या घ्याय लागली. तर मागनं पडद्याखालनं येक हात आत आला. हातात दोन करंज्या. धनी गाडीमागनं चालत हुतं. बाप्यांच्या पंगतीतनं धोतरात लपवून आनल्या असत्याल."

"त्यास्नी कसं कळलं?" कुणीतरी विचारलं.

"काय म्हाईत. बोलनंबी झालं न्हवतं आमचं कवा."

"मग?"

"मग काय? खाल्ल्या. पडद्यात दुसरं काय करनार?"

पुन्हा हसू उसळलं. आत्तीही हसत होत्या, तोंडाला पदर लावून. मग पदर काढून म्हणाल्या, "त्याच साली पटकीची साथ आली. तोंड न्हाई बगा आटवत मला त्येंचं. लाजंनं वर बगितलंच न्हाई कवा. हात आटवतोय."

आता रिकाम्या पोळपाटांकडं कुणी बघत नव्हतं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. सासूबाई दारात उभ्या होत्या. इतकी वर्षं त्या आत्तींबरोबर एका चुलीपाशी राहिल्या होत्या, आणि त्यांनीही हे पहिल्यांदाच ऐकलं होतं. काकींनी नाक ओढलं आणि आपल्या त्या आवाजात विचारलं, "करंज्या खोबऱ्याच्या का पुरनाच्या?"

"खोबऱ्याच्या," आत्ती गंभीरपणे म्हणाल्या. "तूप जरा खवाट हुतं."

मग मात्र बायकांची तोंडं सुटली. प्रत्येकीला आपापल्या पहिल्या पाहुणचाराची आठवण झाली. चाचीनं आपल्या निकाहातली फजिती सांगितली. काकींनी दुसऱ्यांदा चहा मागितला. ऊन उतरून अंगणात सावल्या आल्या तेव्हा कुणाला तरी जनावरांच्या धारा आठवल्या आणि सगळ्या एकदम उठल्या.

उठल्या, पण निघेनात. जाणाऱ्या सुवासिनीला कुंकू लावल्याशिवाय निरोप कसा द्यायचा हे कुणालाच माहीत नव्हतं. सासूबाईंनी करंडा आणला आणि दारात उभ्या राहून एकेकीला कुंकू लावू लागल्या. आत्ती सवयीनं मागं सरकून परसाकडं निघाल्या. तेवढ्यात काकी दारातून ओरडल्या, "आत्ती, जाते वो!" मग दुसरी म्हणाली, तिसरी म्हणाली. आत्ती वळून तिथंच उभ्या राहिल्या आणि प्रत्येकीला "या हं" म्हणत राहिल्या.

सगळ्या गेल्यावर मी घोंगड्या उचलायला लागले तर खांबाशी एक पोळपाट-लाटणं राहिलेलं. ओळखीचं होतं, गुऱ्हाळवाल्यांच्या काकींचं. मला नवल वाटलं, कारण काकी म्हणजे उसनी गेलेली वाटी त्याच दिवशी मागायला येणारी बाई. अजून लांब गेल्या नसतील म्हणून मी ते उचललं आणि "काकी, ओ काकी" करत दाराकडं धावले.

"आगं ए साताऱ्याच्या शान्ये!"

मी दचकून थांबले. आत्ती ओरडल्या होत्या, काकींना लाजवील अशा आवाजात.

"ठिव त्ये खाली. न्यायला यील ती उद्या."

दुसऱ्या दिवशी काकी आल्या. दिवेलागणीपर्यंत आत्तींजवळ बसल्या, आणि जाताना पोळपाट-लाटणं तिथंच ठेवून गेल्या.